मेंदूतील गाठ आणि प्रथिनांची साक्ष

मेंदूतील गाठीवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर काही दिवसांनी पॅथॉलॉजीचा जो अहवाल हाती येतो, त्याच्या शेवटच्या भागात बहुधा अशा ओळी असतात : 'आयडीएच१ आर१३२एच – पॉझिटिव्ह', 'एटीआरएक्स – लॉस', 'पी५३ – पॉझिटिव्ह', 'केआय-६७ – ८ ते १० टक्के'. घरच्या मंडळींना यातले फारसे काही उलगडत नाही आणि ज्या नावापुढे 'पॉझिटिव्ह' लिहिले आहे ते वाईटच असणार, अशी समजूत करून घेऊन अनेक जण धास्तावतात. प्रत्यक्षात या चार ओळींपैकी पहिली ओळ संपूर्ण अहवालातली सर्वांत दिलासा देणारी ओळ असू शकते.

ही सारी नावे प्रथिनांची आहेत. गाठीच्या पेशींत एखादे प्रथिन आहे की नाही, असल्यास किती आहे आणि त्याची रचना बदललेली आहे का, यावरून ती गाठ पुढे कशी वागेल आणि कोणत्या उपचाराला दाद देईल याचा अंदाज बांधता येतो. अशा सूचक प्रथिनांना वैद्यकात बायोमार्कर, म्हणजे जैवचिन्हके, म्हणतात. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मेंदूच्या गाठींसाठी अशी शेकडो चिन्हके शोधनिबंधांतून पुढे आली, पण रुग्णालयातील रोजच्या निर्णयांपर्यंत पोहोचली ती मोजकीच. बाकीची का गळाली, हे समजून घेतले म्हणजे अहवालातील कोणत्या ओळीवर किती भिस्त ठेवायची हेही आपोआप कळू लागते.

मुळात 'ब्रेन ट्यूमर' हा एक आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या वर्गीकरणात मेंदू आणि मज्जारज्जूच्या गाठींचे शंभराहून अधिक प्रकार नोंदलेले आहेत. मेंदूच्या आवरणातून वाढणारा मेनिंजिओमा बहुतेक वेळा संथ असतो आणि पूर्ण काढता आल्यास रुग्ण पुढे वर्षानुवर्षे व्यवस्थित जगतो. याउलट मेंदूतील आधारपेशींशी नाते सांगणाऱ्या ग्लिओमा या गटातील सर्वांत आक्रमक प्रकार, म्हणजे ग्लिओब्लास्टोमा, शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि औषधे हे सर्व उपचार करूनही साधारण पंधरा महिन्यांत निम्म्या रुग्णांचा बळी घेतो. या दोन टोकांच्या मध्ये असंख्य प्रकार आहेत. पूर्वी त्यांची विभागणी केवळ सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात यावर होत असे. अनुभवी पॅथॉलॉजिस्टची नजर तयार असली, तरी एक अडचण कायम राहत होती. दोन रुग्णांच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसत, दोघांना उपचारही तेच मिळत, आणि तरीही एक जण वर्षभरात दगावे, तर दुसरा अनेक वर्षे जगे. हा फरक डोळ्यांना दिसत नव्हता, कारण तो पेशींच्या आकारात नसून त्यांच्या रेणूंमध्ये होता.

आता एक रास्त प्रश्न असा, की जनुकांची तपासणी उपलब्ध असताना प्रथिनांकडे का पाहायचे? माणसाच्या पेशीत प्रथिने घडवणारी सुमारे २०,००० जनुके असतात. परंतु जनुकात लिहिलेली सूचना प्रत्यक्षात किती प्रमाणात अमलात आली, तयार झालेले प्रथिन किती काळ टिकले, त्याला नंतर कोणते रासायनिक गट जोडले गेले आणि ते पेशीच्या कोणत्या भागात जाऊन बसले, हे जनुक वाचून कळत नाही. पेशीचे काम प्रथिने करतात, औषधेही बहुधा प्रथिनांवरच चालतात. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. जनुकांचे अनुक्रमण करणारी यंत्रणा मोजक्या शहरांत आहे आणि ती खर्चिक आहे. प्रथिन रंगवून पाहण्याची पद्धत त्या मानाने स्वस्त असून जिल्ह्याच्या ठिकाणच्या चांगल्या प्रयोगशाळेतही ती होऊ शकते.

ही पद्धत म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. अहवालात तिचा उल्लेख 'आयएचसी' असा येतो. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवून स्थिर केला जातो, मग पॅराफिन मेणात बसवून त्याचा लहानसा ठोकळा बनवतात. यालाच सगळे 'ब्लॉक' म्हणतात. या ब्लॉकमधून काही मायक्रॉन जाडीचे काप काढून काचपट्टीवर घेतात आणि त्यावर विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारी अँटिबॉडी सोडतात. ती जिथे चिकटते तिथे पुढच्या रासायनिक प्रक्रियेने तपकिरी रंग उमटतो. रंग कुठे आला, किती गडद आला आणि किती पेशींत आला, हे पाहून पॅथॉलॉजिस्ट निष्कर्ष लिहितात. ऐकायला हे सोपे वाटते, पण तुकडा फॉर्मालिनमध्ये वेळेवर गेला नाही किंवा गरजेपेक्षा जास्त काळ राहिला, तर रंग फसवा येऊ शकतो. साऱ्या तपासणीचा दर्जा शस्त्रक्रियागृहातील त्या पहिल्या बरणीपासून ठरत असतो, आणि या बरणीकडे आपल्याकडे जेवढे लक्ष दिले जायला हवे तेवढे दिले जात नाही, असे माझे मत आहे.

या विषयातील सर्वांत मोठी कलाटणी २००८ साली मिळाली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी ग्लिओब्लास्टोमाच्या २२ नमुन्यांतील वीस हजारांवर जनुके एकेक करून तपासली. त्यांना कर्करोगाशी संबंध असलेली जुनी ओळखीची जनुके सापडलीच, पण त्यांबरोबर आयडीएच१ हे एक नाव आले, ज्याच्याकडे कर्करोगाच्या संदर्भात तोवर कोणी फारसे पाहिले नव्हते. हे पेशीच्या चयापचयातले एक साधे विकर (एन्झाइम) आहे. आयसोसायट्रेट या पदार्थापासून अल्फा-किटोग्लुटारेट तयार करणे एवढेच त्याचे काम. ४१४ अमिनो आम्लांच्या या साखळीत १३२व्या स्थानावर आर्जिनिन असायला हवे. अनेक ग्लिओमांमध्ये तेथे बहुतेक वेळा हिस्टिडीन येऊन बसलेले आढळले. 'आर१३२एच' या चिन्हाचा अर्थ एवढाच आहे : आर म्हणजे आर्जिनिन, एच म्हणजे हिस्टिडीन, आणि मधला आकडा स्थानाचा.

पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात या एका बदलाचे वजन स्पष्ट झाले. ग्लिओब्लास्टोमा म्हणून नोंदलेल्या रुग्णांमध्ये ज्यांच्या गाठीत आयडीएचचा बदल होता त्यांच्या आयुर्मानाचा मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, ३१ महिने होता, आणि ज्यांच्यात नव्हता त्यांचा १५ महिने. त्याच्या एक पायरी खालच्या श्रेणीच्या ॲनाप्लास्टिक ॲस्ट्रोसायटोमा या ग्लिओमामध्ये हे आकडे अनुक्रमे ६५ आणि २० महिने होते. हे आकडे नीट पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. वरच्या, म्हणजे अधिक घातक मानलेल्या श्रेणीतील बदललेल्या आयडीएचचे रुग्ण खालच्या श्रेणीतील न बदललेल्या रुग्णांपेक्षा जास्त जगत होते. सूक्ष्मदर्शकाने लावलेली प्रतवारी एका प्रथिनाने उलटीपालटी केली होती.

याच सुमारास जर्मनीतील हायडेलबर्ग येथील शास्त्रज्ञांनी केवळ बदललेल्या प्रथिनालाच चिकटेल, निरोगी आयडीएच१ला चिकटणार नाही, अशी अँटिबॉडी तयार केली. एका अमिनो आम्लाचा फरक ओळखणारी अँटिबॉडी मिळणे ही सहज घडणारी गोष्ट नाही. ग्लिओमांतील आयडीएचच्या बदलांपैकी सुमारे नव्वद टक्के बदल हा आर१३२एच असल्यामुळे या एकाच अँटिबॉडीने बहुतेक रुग्णांचे निदान होऊ लागले आणि जनुकाची तपासणी न करताही चोख उत्तर मिळू लागले. उरलेल्या सुमारे दहा टक्क्यांमध्ये बदल वेगळा असतो किंवा तो आयडीएच२ या भावंड-प्रथिनात असतो, आणि तो या रंगात दिसत नाही. म्हणूनच रुग्णाचे वय ५५ पेक्षा कमी असेल आणि रंग 'निगेटिव्ह' आला असेल, तर तेवढ्यावर न थांबता जनुकीय तपासणी करावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. वयस्क रुग्णात, गाठ सूक्ष्मदर्शकाखाली नमुनेदार ग्लिओब्लास्टोमा दिसत असेल, तर मात्र निगेटिव्ह रंग पुरेसा मानला जातो. अहवाल वाचताना हा वयाचा मुद्दा अनेकदा सुटून जातो.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. बदललेले आयडीएच१ असलेल्या रुग्णाचे आयुर्मान अधिक असते, म्हणून ते प्रथिन रुग्णाचा हितचिंतक ठरत नाही. किंबहुना त्या गाठीचे मूळ तेच आहे. बदललेले विकर आपले नेहमीचे काम सोडून अल्फा-किटोग्लुटारेटपासून २-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचा पदार्थ बनवू लागते. हा पदार्थ पेशीत प्रचंड प्रमाणात साठतो आणि डीएनए व तो ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिने यांच्यावरील मिथाइल गट काढणाऱ्या विकरांना अडवतो, परिणामी पेशी प्रौढ होण्याऐवजी अर्धवट अवस्थेत अडकून विभाजत राहते. पण या वाटेने तयार होणारी गाठ संथ असते, तर आयडीएच न बदलता तयार होणारी गाठ वेगळ्याच, अधिक विध्वंसक वाटेने आलेली असते. म्हणजे दोन वेगवेगळे आजार सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखे दिसत होते. २०२१च्या वर्गीकरणाने हे मान्य केले. आता आयडीएच बदललेल्या गाठीला, ती कितीही आक्रमक दिसली तरी, ग्लिओब्लास्टोमा म्हणत नाहीत. तिला 'ॲस्ट्रोसायटोमा, श्रेणी ४' म्हणतात. उलट न बदललेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दिसत असली, तरी तिच्यात काही ठरावीक जनुकीय खुणा आढळल्यास तिला ग्लिओब्लास्टोमा मानून उपचार केले जातात.

न्यायालयाच्या भाषेत सांगायचे तर बदललेले आयडीएच१ हा माफीचा साक्षीदार आहे : तो स्वतः गुन्ह्यात सामील होता, म्हणूनच त्याची साक्ष इतकी वजनदार ठरते. याउलट गाठीच्या आसपास दिसणारी बहुसंख्य प्रथिने ही घटनास्थळी जमलेल्या बघ्यांसारखी असतात. त्यांनी काहीतरी पाहिलेले असते, पण प्रत्येकाची हकिकत वेगळी आणि दबाव आला की बदलणारी. माझ्या मते या क्षेत्रात टिकलेली आणि गळालेली चिन्हके यांच्यातील फरक मुख्यत्वे हाच आहे.

अहवालातील 'एटीआरएक्स – लॉस' ही ओळ आयडीएचला जोडून वाचायची असते. एटीआरएक्स हे निरोगी पेशींच्या केंद्रकात असणारे प्रथिन आहे. ते गाठीच्या पेशींतून नाहीसे झाले असेल आणि आयडीएच बदललेले असेल, तर गाठ ॲस्ट्रोसायटोमा आहे असे मानता येते. रंग न येणे म्हणजे खरोखर प्रथिन नसणे की रंगवण्यात चूक होणे, हे ठरवण्यासाठी पॅथॉलॉजिस्ट त्याच कापातील रक्तवाहिन्यांच्या पेशींकडे पाहतात. त्या निरोगी असल्यामुळे त्यांना रंग यायलाच हवा. आयडीएच बदललेले असून एटीआरएक्स शाबूत असेल, तर मामला ऑलिगोडेंड्रोग्लिओमा या दुसऱ्या प्रकारच्या ग्लिओमाचा असण्याची शक्यता बळावते. त्याच्या खात्रीसाठी पहिल्या आणि एकोणिसाव्या गुणसूत्रांचे ठरावीक भाग गळाले आहेत का, हे पाहणारी वेगळी तपासणी लागते. हा प्रकार उपचारांना चांगली दाद देतो आणि त्याचे अनेक रुग्ण दहा वर्षांपेक्षा अधिक जगतात.

लहान मुलांमध्ये गुन्ह्यात सामील असलेल्या प्रथिनाचे सर्वांत क्लेशदायक उदाहरण आहे एच३ के२७एम. डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन एच३ या प्रथिनाच्या शेपटीत २७व्या स्थानी लायसिनऐवजी मेथिओनिन येते. २०१२ साली हा बदल प्रथम उजेडात आला. मस्तिष्कस्तंभासारख्या मेंदूच्या मध्यरेषेतील भागांत वाढणाऱ्या ग्लिओमांमध्ये तो सापडतो. या बदलामुळे हिस्टोनवर एक विशिष्ट खूण उमटवणारी यंत्रणा ठप्प होते. पॅथॉलॉजिस्ट दोन्ही बाजूंनी तपासतात : बदललेल्या हिस्टोनचा रंग येतो आणि ती नेहमीची खूण मात्र पुसलेली दिसते. मध्यरेषेतील अशा पसरणाऱ्या ग्लिओमात के२७एम आढळला, की पेशी कितीही सौम्य दिसल्या तरी गाठ थेट श्रेणी ४ मध्ये जाते, कारण मस्तिष्कस्तंभात गाठ असलेल्या मुलांपैकी बहुतेकांना निदानानंतर सुमारे वर्षभराचाच काळ मिळतो. पूर्वी या भागातून तुकडा काढणे धोक्याचे मानून केवळ एमआरआयवर निदान करत असत. आज तुकडा काढण्याकडे कल वाढला आहे आणि त्यात या चिन्हकाचा मोठा वाटा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने उपचारांनंतर पुन्हा वाढलेल्या के२७एम गाठींसाठी डॉर्डाव्हिप्रोन या औषधाला सशर्त मान्यता दिली, आणि ते घेण्यासाठी हा बदल सिद्ध झालेला असणे आवश्यक आहे.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे मेड्युलोब्लास्टोमातील बीटा-कॅटेनिन. मेड्युलोब्लास्टोमा ही लहान मेंदूत होणारी, मुख्यतः बालवयातील गाठ. तिचे रेणूंच्या पातळीवर चार गट मानले जातात. त्यांपैकी डब्ल्यूएनटी नावाचा गट सुमारे दहा टक्के रुग्णांत आढळतो. या गटात बीटा-कॅटेनिन हे प्रथिन पेशीच्या आवरणालगत न राहता केंद्रकात जाऊन बसते. येथे प्रथिन किती आहे यापेक्षा ते कुठे आहे याला महत्त्व आहे, आणि हे जनुकांच्या यादीतून कळले नसते. अशा मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुले योग्य उपचारांनंतर पाच वर्षांच्या पुढे सुखरूप असतात. म्हणून आता प्रश्न उलटा विचारला जात आहे : या मुलांना रेडिएशनचा डोस कमी देता येईल का? वाढत्या मेंदूवर दिलेल्या रेडिएशनचा परिणाम बुद्धी, उंची आणि संप्रेरके यांवर आयुष्यभर राहतो, आणि ज्याचा आजार तेवढ्याविना बरा होणार आहे त्याला तो भार का द्यावा, असा हा विचार आहे. त्यावरील चाचण्या सुरू आहेत. अडचण एवढीच, की काही नमुन्यांत केंद्रकातील रंग तुरळक पेशींतच येतो आणि दोन पॅथॉलॉजिस्टांचे त्यावर दुमत होऊ शकते. डोस कमी करण्याचा निर्णय अशा एका रंगावर सोडता येत नाही, म्हणून जनुकीय खात्री करून घेतात. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत नीलम शिरसाट यांच्या गटाने जुन्या पॅराफिन ब्लॉकवरही चालेल अशी, मोजक्या जनुकांवर आणि मायक्रोआरएनएवर आधारलेली गटनिश्चितीची चाचणी विकसित केली होती. आपल्याकडे ताजा गोठवलेला नमुना मिळणे दुरापास्त असते, हे ओळखून केलेले ते काम आहे.

आता बघ्यांकडे वळू. त्यांत सर्वांत प्रसिद्ध केआय-६७. १९८०च्या दशकाच्या आरंभी जर्मनीतील कील या शहरात हे प्रथिन ओळखणारी अँटिबॉडी सापडली, आणि शहराचे नाव व प्रयोगाच्या ताटलीतील ६७वा कप्पा मिळून तिचे नाव पडले. विभाजन पावणाऱ्या पेशींत हे प्रथिन असते, विश्रांत पेशींत नसते. त्यामुळे शंभरातल्या किती पेशी रंगल्या यावरून गाठीच्या वाढीचा वेग जोखता येतो. एवढी सरळ कल्पना असूनही अहवालातील या टक्क्यांवर फार विसंबू नये. गाठीच्या एका कोपऱ्यात ते ४ टक्के असतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात १५ टक्के. कोणता भाग मोजला, डोळ्यांनी अंदाज केला की संगणकाने मोजणी केली, यावर आकडा बदलतो, आणि ग्लिओमांसाठी सर्वमान्य अशी सीमारेषाही ठरलेली नाही. मेनिंजिओमा पुन्हा उद्भवेल का याचा अंदाज घेताना त्याचा थोडा अधिक उपयोग होतो. पण नातेवाईक ज्या आकड्याकडे सर्वांत आधी पाहतात, कारण तोच एक आकडा असतो, तोच बहुधा अहवालातील सर्वांत डळमळीत आकडा असतो.

अशाच प्रकारे वायकेएल-४०, इन्शुलिनसदृश वाढघटकाला बांधणारी आयजीएफबीपी कुळातील प्रथिने आणि इतर अनेक नावे पुढे आली. बंगळुरूच्या निम्हान्स आणि भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१० साली आयजीएफबीपी-३ हे प्रथिन ग्लिओब्लास्टोमाच्या गाठीत अधिक असल्यास रुग्णाचे आयुर्मान कमी असते, असे दाखवले होते. असे निष्कर्ष जीवशास्त्र समजण्यासाठी मोलाचे असतात. परंतु एका रुग्णालयातील रुग्णगटात सापडलेला संबंध दुसऱ्या ठिकाणी, वेगळ्या अँटिबॉडीने, वेगळ्या वयाच्या रुग्णांत तितकाच पक्का राहतो का, ही खरी कसोटी असते. बरेचसे अभ्यास 'जास्त' आणि 'कमी' यांच्यातली रेषा आपल्याच आकडेवारीला सोयीची जाईल अशी आखतात, आणि मग नव्या गटात ती रेषा कोलमडते. शिवाय वायकेएल-४० हे शरीरात कोठेही दाह असला तरी वाढते. अशा अभ्यासांचे वृत्तांकन काटेकोर व्हावे म्हणून २००५ साली 'रिमार्क' नावाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, तरीही या दुखण्यातून हे क्षेत्र पूर्णपणे सुटलेले नाही.

एमजीएमटी हे प्रथिन वरच्या दोन्ही खणांत बसत नाही. ग्लिओब्लास्टोमावर दिल्या जाणाऱ्या टेमोझोलोमाइड या गोळ्या कर्कपेशींच्या डीएनएला मिथाइल गट चिकटवून इजा करतात. एमजीएमटी हा गट डीएनएवरून काढून स्वतःवर घेते आणि त्यात स्वतः निकामी होते. एका दुरुस्तीसाठी एक रेणू खर्ची पडतो. ज्या गाठीत या प्रथिनाचा साठा भरपूर आहे तिच्यावर औषधाचा परिणाम कमी होणार, हे ओघानेच आले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या युरोप आणि कॅनडातील चाचणीत रेडिएशनबरोबर टेमोझोलोमाइड दिल्यास आयुर्मानाचा मध्यक १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर जातो, असे दिसले. हा सरासरी फायदा लहान वाटतो. पण त्याच रुग्णांपैकी ज्यांच्या गाठीत एमजीएमटीचे जनुक मिथाइल गटांनी बंद झालेले होते, म्हणजे प्रथिन बनतच नव्हते, त्यांच्यात हा मध्यक १५.३ महिन्यांवरून २१.७ महिन्यांवर गेला, तर जनुक चालू असलेल्यांमध्ये तो ११.८ वरून जेमतेम १२.७ महिन्यांवर पोहोचला.

मग हे प्रथिन थेट रंगवून का पाहत नाहीत? प्रयत्न झाले, पण ते फसले. गाठीच्या तुकड्यात रक्तवाहिन्यांच्या आणि रोगप्रतिकारक पेशीही मिसळलेल्या असतात, आणि त्यांच्यातही एमजीएमटी असते. रंग नेमका कोणाचा, हे सांगणे अवघड जाते आणि दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळत नाहीत. त्यामुळे महत्त्वाचे प्रथिन असूनही त्याची तपासणी आज जनुकाच्या मिथायलेशनवरूनच करतात. आयएचसीने केलेल्या एमजीएमटीच्या अहवालावर उपचाराचा निर्णय घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे, असे येथे सुचवावेसे वाटते.

या उदाहरणातून आणखी एक भेद स्पष्ट होतो, जो डॉक्टर बोलताना गृहीत धरतात आणि रुग्णाला कोणी सांगत नाही. काही चिन्हके उपचार कोणताही असो, आजाराचा कल सांगतात. के२७एम मुख्यतः त्यांपैकी एक आहे, जरी डॉर्डाव्हिप्रोनमुळे ते आता दुसऱ्या प्रकारातही मोडू लागले आहे. काही चिन्हके विशिष्ट उपचार लागू पडेल का हे सांगतात, जसे एमजीएमटी. पहिल्या प्रकारचे चिन्हक कल चांगला नाही असे सांगत असेल, तर केवळ तेवढ्यातून कोणते औषध घ्यावे हे निघत नाही. आणि दोन्ही प्रकारांत रुग्णाचे वय, त्याची दैनंदिन कामे करण्याची क्षमता आणि शस्त्रक्रियेत किती गाठ निघाली, हे जुने घटक आजही तेवढेच वजनदार आहेत.

प्रथिन गुन्ह्यात सामील असूनही त्याच्यावरचा उपचार फसू शकतो. ग्लिओब्लास्टोमाच्या काही गाठींत ईजीएफआर या प्रथिनाचे ईजीएफआर-व्ही३ हे तुटके रूप सापडते आणि ते निरोगी पेशींत नसते. त्याविरुद्ध बनवलेल्या रिंडोपेपिमट या लसीची मोठी चाचणी २०१६ साली निष्फळ म्हणून थांबवावी लागली. लस घेणारे आणि न घेणारे, दोघांच्या आयुर्मानाचा मध्यक २० महिन्यांच्या आसपासच राहिला. गाठ परत आल्यावर अनेक रुग्णांत ते तुटके प्रथिन दिसेनासे झाले होते, लस न घेतलेल्यांमध्येसुद्धा. एकाच गाठीतील सर्व पेशी सारख्या नसतात आणि काळानुसार त्यांची रचना बदलते, हा धडा त्यातून मिळाला.

रक्ताच्या एका थेंबावरून मेंदूच्या गाठीचे भाकीत करता येईल, अशा बातम्या अधूनमधून येतात. आजमितीस हे खरे ठरलेले एक ठळक उदाहरण आहे, पण ते एका दुर्मीळ प्रकाराचे. मेंदूतील जर्मसेल, म्हणजे जननपेशींशी नाते सांगणाऱ्या, गाठींमध्ये एएफपी आणि बीटा-एचसीजी ही प्रथिने रक्तात व मणक्यातून काढलेल्या पाण्यात मोजतात. ती पुरेशी वाढलेली असतील तर तुकडा न काढताही निदान होऊ शकते, आणि एएफपी वाढलेले असल्यास गाठ साध्या जर्मिनोमापेक्षा हट्टी आहे, उपचार अधिक तीव्र लागतील, हेही कळते. ग्लिओमांच्या बाबतीत मात्र मेंदू आणि रक्त यांच्यामधला अडथळा आड येतो, आणि जी प्रथिने त्यातून पार होतात ती गाठीपुरती मर्यादित नसतात. आधारपेशींतील जीएफएपी हे प्रथिन ग्लिओब्लास्टोमाच्या रुग्णांच्या रक्तात वाढते खरे, पण ते डोक्याला मार लागल्यावर आणि मेंदूत रक्तस्राव झाल्यावरही वाढते. २०१८ साली अमेरिकेत डोक्याच्या इजेसाठी मान्यता मिळालेल्या रक्तचाचणीत याच प्रथिनाचा समावेश आहे.

एकेका प्रथिनामागे लागण्याऐवजी मास स्पेक्ट्रोमेट्री या रेणूंच्या वस्तुमानावरून त्यांची ओळख पटवणाऱ्या तंत्राने एकाच वेळी हजारो प्रथिने मोजण्याकडे आता कल आहे. अमेरिकेतील एका राष्ट्रीय प्रकल्पाने २०२१ साली ९९ ग्लिओब्लास्टोमांची जनुके आणि प्रथिने एकत्र तपासून प्रसिद्ध केली. आपल्याकडे आयआयटी मुंबईतील संजीव श्रीवास्तव यांची प्रयोगशाळा टाटा स्मारक केंद्रातील डॉक्टरांबरोबर ग्लिओमा, मेनिंजिओमा आणि मेड्युलोब्लास्टोमा यांच्या प्रथिनांवर अनेक वर्षे काम करत आहे. त्यातून पुढे येणाऱ्या याद्या लांबलचक असतात. त्यांतून गुन्ह्यात सामील असलेले प्रथिन वेगळे काढणे हेच खरे कष्टाचे काम आहे.

रुग्णाच्या घरच्यांसाठी यातली सर्वांत उपयोगाची गोष्ट अगदी साधी आहे : पॅराफिन ब्लॉक सांभाळणे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बदललेल्या आयडीएचला रोखणाऱ्या व्होरासिडेनिब या गोळ्यांनी श्रेणी २ च्या ग्लिओमांची वाढ लांबवली. गाठ पुन्हा वाढेपर्यंतच्या काळाचा मध्यक ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांवर गेला आणि २०२४ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. ज्यांची शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी झाली आणि तेव्हा आयडीएच तपासलेच गेले नाही, त्यांनाही नव्याने शस्त्रक्रिया करून घ्यावी लागत नाही, कारण जुन्या ब्लॉकमधून काप काढून हा रंग आजही पाहता येतो. कापून ठेवलेल्या कोऱ्या काचपट्ट्यांवरील प्रथिने हळूहळू ओळखू येईनाशी होतात, म्हणून दुसऱ्या रुग्णालयात जाताना केवळ स्लाइड न मागता ब्लॉकही मागून घ्यावा आणि त्यावरील क्रमांक अहवालाशी जुळतो का हे तिथेच पाहावे. पॅराफिन साठ अंशांच्या आतबाहेर वितळते, तेव्हा मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरहून मुंबईला निघताना तो बंद गाडीच्या काचेपाशी ठेवू नये, अंगावरच्या पिशवीत ठेवावा.